उणे पंचवीसमध्ये सेल्फ मारताना: डिझेल ट्रकसाठी बॅटरी कशी निवडायची

ट्रकची बॅटरी घ्यायला गेलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती एएच देऊ?" शंभर, एकशेतीस, दीडशे, एकशेऐंशी. आकडा मोठा तर बॅटरी दमदार, असा हिशेब करून आपण पैसे मोजतो, आणि गाडी नाशिक-मुंबई किंवा नागपूर-रायपूर पळणार असेल तर त्यात फारसं बिघडतही नाही. तीच गाडी जानेवारीत द्रासला रात्रभर उघड्यावर उभी राहिली, की सकाळी समजतं की सेल्फ मारताना काय होईल याबद्दल तो आकडा जवळजवळ काहीच सांगत नव्हता.

लेह साधारण ३,५०० मीटर उंचीवर आहे, द्रास त्याहून किंचित खाली. हिवाळ्यात रात्री पारा उणे २० च्या खाली उतरणं ही तिथे बातमी नसते. अशा थंडीत डिझेल गाडी उठवायची तर बॅटरी कुठली, किती ताकदीची आणि कशी ठेवलेली हवी, ते इथे जरा मुळापासून बघू.

सुरुवात इंजिनापासूनच करावी लागेल. पेट्रोल इंजिनात ठिणगी असते, डिझेलमध्ये नसते. सिलिंडरमधली हवा सोळा-अठरा पट दाबली जाते, त्या दाबाने ती कित्येक शे अंशांपर्यंत तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की तो आपोआप पेटतो. म्हणजे डिझेल इंजिन सुरू होणं हे सगळं हवा किती तापते यावर आहे. आता लोखंडच उणे २० ला असेल तर दाबलेल्या हवेची उष्णता त्या थंडगार भिंती पिऊन टाकतात. त्यात इंजिन हळू फिरलं तर आणखी घात होतो, कारण हवेला रिंगांच्या फटींतून निसटायला आणि भिंतींना उष्णता द्यायला जास्त वेळ मिळतो. त्यामुळे थंडीत इंजिन नुसतं फिरून भागत नाही, ते जोरात फिरावं लागतं. उंचीवरची विरळ हवा हे वरचं दुखणं: लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो, त्यामुळे सिलिंडरमधला दाबही कमी भरतो आणि पेट घ्यायला इंधन अधिक वेळ लावतं.

नव्या कॉमन रेल गाड्यांमध्ये, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल मिळतं, आणखी एक अट आहे. रेलमध्ये ठरावीक दाब जमल्याशिवाय कंट्रोल युनिट इंजेक्टर उघडतच नाही, आणि सेल्फ मारताना व्होल्टेज फार खाली गेलं तर ते युनिट स्वतःच गडबडतं. जुनी गाडी घर्रर्र-घर्रर्र करत, धूर ओकत का होईना, कधीतरी पकडायची. नवी गाडी अशी रडतखडत सुरू होत नाही. दम कमी पडला की ती सरळ नकार देते.

आता बॅटरीची बाजू. शिशाच्या प्लेटा आणि पातळ सल्फ्युरिक ॲसिड यांच्यातली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, ॲसिड घट्टसर होतं, आतला विद्युतरोध वाढतो. बॅटरीच्या धंद्यात यासाठी एक जुना ढोबळ तक्ता वापरतात. २७ अंशांना बॅटरीची ताकद १०० धरली, तर शून्याला ती ६५ उरते आणि उणे १८ ला ४०. त्याच वेळी इंजिन फिरवायला लागणारा जोर उलटा चढत जातो: २७ अंशांना १००, शून्याला १५५, उणे १८ ला २१०. दोन्ही एकत्र बघा. देणारा ४० वर आला आणि मागणारा २१० वर गेला. पुण्यात ज्या बॅटरीला सेल्फ मारणं हा खेळ वाटतो, तिच्यावर तिथे गरजेच्या मानाने पाचपटीहून जास्त भार पडतो. उणे ३० ला हे गणित आणखी बिघडतं.

एएच कशाचा आकडा आहे?

एएच म्हणजे अँपिअर-तास, आणि तो मोजायची पद्धत अगदी निवांत आहे. बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी करायची आणि तेवढ्यात एकूण किती वीज निघाली ते बघायचं. १०० एएचची बॅटरी म्हणजे ५ अँपिअरचा भार वीस तास ओढणारी, तेही २५-२७ अंशांच्या सुखद हवेत.

सेल्फ मारणं ही याच्या अगदी विरुद्ध टोकाची गोष्ट. समजा स्टार्टरने ५०० अँपिअर ओढले आणि तुम्ही दहा सेकंद सेल्फ मारला. ५०० गुणिले १० म्हणजे ५,००० अँपिअर-सेकंद. त्याला ३,६०० ने भागलं की उत्तर येतं जेमतेम १.४ एएच. दीडशे एएचच्या बॅटरीतून दीड एएचसुद्धा निघालेला नाही! मग ती कमी का पडते? कारण प्रश्न साठ्याचा नाहीच. गोदामात पोती किती आहेत हे एएच सांगतो. दारातून एका मिनिटात किती पोती बाहेर काढता येतात हे तो सांगत नाही. थंडीत गोदाम भरलेलंच असतं, दार अरुंद होतं.

त्या दाराचं माप म्हणजे सीसीए, कोल्ड क्रँकिंग अँप्स. सगळ्यात जास्त वापरात असलेल्या अमेरिकी एसएई मानकानुसार याचा अर्थ असा: पूर्ण चार्ज केलेली नवी बॅटरी उणे १८ अंशांपर्यंत थंड करायची आणि ती सलग ३० सेकंद किती अँपिअर देऊ शकते ते बघायचं, तेही १२ व्होल्टच्या बॅटरीचं व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाता. उणे १८ हा विचित्र आकडा आला कुठून, तर ते शून्य फॅरनहाइट आहे.

इथे एक फसवणुकीची जागा आहे, कारण सीसीए मोजायच्या पद्धती अनेक आहेत. जुन्या जर्मन डीआयएन पद्धतीत तापमान तेच, वेळही तीच ३० सेकंद, पण व्होल्टेज ९ च्या खाली जाता कामा नये. ही अट कितीतरी कडक. म्हणून तीच बॅटरी एसएईने मोजली तर ८०० भरेल आणि डीआयएनने मोजली तर ४८० च्या आसपास. युरोपीय ईएन पद्धतीचा आकडा एसएईच्या जवळपास येतो. काही लेबलांवर नुसतं सीए किंवा एमसीए लिहिलेलं असतं. तो आकडा शून्य अंशाला मोजलेला असतो, साहजिकच फुगलेला दिसतो आणि लडाखच्या कामाचा नाही. दोन बॅटऱ्यांची तुलना करताना आकड्याशेजारची अक्षरं वाचल्याशिवाय आकडा वाचूच नये. आपल्याकडच्या ट्रकच्या बॅटऱ्यांवर पुष्कळदा एएच ठळक असतो आणि सीसीए शोधावा लागतो. लेबलवर नसेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात बघावा, आणि तिथेही नसेल तर थंडीच्या गाडीला ती बॅटरी घेऊ नये, असं माझं सरळ मत आहे.

मग एएच अगदीच निरुपयोगी का? नाही. ट्रकचा ड्रायव्हर रात्री केबिनमध्येच झोपतो. डिझेलवर चालणारा केबिन हिटर असेल तर त्याचा पंखा एक-दोन अँपिअर सतत खातो. दहा तासांत झाले दहा-वीस एएच. जीपीएस ट्रॅकर, मोबाइल, गाणी, केबिनचा दिवा वेगळेच. हे सगळं सेल्फच्याच बॅटरीवर चालणार असेल तर साठा मोठा हवा, म्हणजे पहाटे ती अर्धी झालेली नसेल. त्याहून शहाणपणाचं म्हणजे केबिनसाठी वेगळी छोटी बॅटरी ठेवावी आणि सेल्फच्या जोडीला हातच लावू नये.

किती सीसीए घ्यायचा?

पहिलं उत्तर गाडीच्या पुस्तिकेत असतं आणि ते किमान समजावं. ते हाताशी नसेल तर १२ व्होल्टच्या डिझेलसाठी एक जुना ठोकताळा आहे: इंजिनाच्या दर लिटरला साधारण १२० सीसीए. ६.७ लिटरच्या इंजिनाला यानुसार ८०० च्या आसपास लागेल. पण हा आकडा सौम्य थंडीचा आहे. कॅनडा-अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या त्याच आकाराच्या डिझेल पिकअपमध्ये कंपनीच दोन बॅटऱ्या समांतर जोडून देते, प्रत्येकी ७०० ते ८०० सीसीएच्या. म्हणजे ठोकताळ्याच्या जवळजवळ दुप्पट. ज्या देशात गाड्या दर हिवाळ्यात उणे ३० बघतात, तिथल्या इंजिनिअरांनी ही दुप्पट हौसेने ठेवलेली नाही.

आपले मोठे ट्रक २४ व्होल्टचे असतात, त्यांचा हिशेब थोडा वेगळा. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडल्या की व्होल्ट दुप्पट होतात, अँपिअर तेवढेच राहतात. ७०० सीसीएच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये म्हणजे २४ व्होल्टला ७००. दुकानात कुणी "दोन मिळून चौदाशे" म्हणालं तर ते समांतर जोडणीचं गणित आहे. ताकद मात्र दोन्हीकडे सारखीच, कारण १४०० गुणिले १२ आणि ७०० गुणिले २४ यांचं उत्तर एकच. २४ व्होल्टचा फायदा असा, की तेवढ्याच कामाला निम्मे अँपिअर पुरतात आणि केबलमध्ये वीज कमी वाया जाते.

सिरीजच्या जोडीचं एक पथ्य मात्र कडक आहे. दोन्ही बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, एकाच वयाच्या हव्यात. एक खराब झाली म्हणून एकच बदलणं हे काटकसरीचं वाटतं, पण जुनी कधी पूर्ण चार्ज होत नाही आणि तिच्यापायी नवी जास्त चार्ज होऊन उकळते. वर्षभरात नवीही जुनी होते. आणि दुसरा, आपल्याकडचा अगदी लाडका उद्योग: म्युझिक सिस्टीम किंवा चार्जर १२ व्होल्टचा आहे म्हणून दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर ओढायची. ती एक बॅटरी रोज थोडी-थोडी मागे पडत जाते, चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला फक्त दोघींची बेरीज दिसते, आणि थंडीच्या पहिल्या तडाख्यात तीच दगा देते. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर बॅटरीच्या किमतीपुढे काहीच नाही. तो बसवावा.

कुठल्या जातीची?

साधी, पाणी टाकायची ओली बॅटरी अजूनही वाईट पर्याय नाही. स्वस्त आहे, कुठेही मिळते, आणि झाकणं उघडून हायड्रोमीटरने, म्हणजे ॲसिडचा दाटपणा मोजणाऱ्या काचेच्या नळीने, तिची नाडी बघता येते. ही सोय मेंटेनन्स-फ्री बॅटरीत राहत नाही. मात्र ती स्टार्टिंगची असावी. घरातल्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी जाड प्लेटांची असते, सावकाश वीज देण्यासाठी बनवलेली. स्टार्टिंगच्या बॅटरीत प्लेटा पातळ आणि संख्येने जास्त असतात, म्हणजे ॲसिडला भिडणारा पृष्ठभाग मोठा. एएच दोन्हींवर सारखाच छापलेला असू शकतो, आणि म्हणूनच लोक फसतात. "इन्व्हर्टरची पडून आहे, टाकून बघू" हा प्रयोग कोकणात एखादे वेळी चालेल, कारगिलला नाही.

एजीएममध्ये ॲसिड काचेच्या बारीक तंतूंच्या चटईत मुरवलेलं असतं. आतला रोध कमी, त्यामुळे त्याच मापात सीसीए जास्त. चार्जही लवकर घेते आणि हादरे सोसते, जे झोजी-ला किंवा खारदुंग-लाच्या रस्त्यावर काही थोडंथोडकं नाही. किंमत साध्या बॅटरीच्या दुपटीच्या घरात जाते. वर्षातले चार-पाच महिने गाडी थंडीतच राहणार असेल तर ते पैसे वसूल होतात. वर्षातून एखादी खेप मारणाऱ्याला मी साधीच, पण नवी कोरी आणि जास्त सीसीएची घ्यायला सांगेन. जेल बॅटरी दिसायला एजीएमची बहीण, पण झटक्यात मोठा प्रवाह देण्यात, तेही थंडीत, ती कमी पडते. सेल्फसाठी नको.

लिथियमबद्दल हल्ली सगळेच विचारतात. वजनाने हलकी, टिकाऊ, सगळं खरं. पण लिथियम फॉस्फेट बॅटरी शून्याच्या खाली चार्ज करता येत नाही. केली तर आतल्या पट्टीवर लिथियम धातूचा थर बसतो आणि बॅटरी कायमची खराब होते. म्हणून तिचं कंट्रोल सर्किट थंडीत चार्जिंग तोडून टाकतं. आत हिटर असलेल्या लिथियम बॅटऱ्या मिळतात, पण तो हिटरही बॅटरीचीच वीज खातो. उणे २५ ला उघड्यावर उभ्या राहणाऱ्या ट्रकच्या सेल्फसाठी आज मी तरी तिच्या वाटेला जाणार नाही.

सुपरकपॅसिटरचा पर्याय मला जास्त पटतो, जरी आपल्या बाजारात तो अजून फारसा दिसत नाही. त्यात रासायनिक क्रियाच नसते, त्यामुळे उणे ४० लाही त्याची ताकद फारशी कमी होत नाही. बॅटरी त्याला सावकाश भरते आणि सेल्फचा धक्का तो एकटा झेलतो. साठा मात्र अगदी लहान, दोन-तीन प्रयत्नांचा. त्यामुळे तो बॅटरीच्या जोडीला ठेवायचा, बॅटरीच्या जागी नाही.

चार्ज किती आहे, हे सगळ्यात महत्त्वाचं

महागडी बॅटरी अर्धी चार्ज असेल तर ती पूर्ण चार्ज असलेल्या साध्या बॅटरीपुढे हरते. लेबलवरचा सीसीए हा पूर्ण चार्जचा असतो, हे विसरलं की बाकीची सगळी निवड वाया जाते.

दुसरं कारण याहून गंभीर आहे. बॅटरी उतरते तसं तिच्यातलं ॲसिड पातळ होत जातं, कारण त्यातला गंधकाचा भाग प्लेटांमध्ये जातो आणि मागे पाणी उरतं. पूर्ण चार्ज बॅटरीची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत ॲसिडचा दाटपणा, १.२६५ असेल तर ती उणे ५५ च्याही पुढे गोठत नाही. तीन चतुर्थांश चार्ज असेल, ग्रॅव्हिटी १.२२५, तर उणे ३७ च्या आसपास. अर्धी असेल, १.१९०, तर उणे २३. आणि पार उतरलेली बॅटरी उणे ८-१० लाच गोठते. म्हणजे द्रासच्या रात्रीत अर्धी बॅटरी हा केवळ "सकाळी सेल्फ लागेल का" इतका साधा प्रश्न नाही. सकाळी तिचा डबा फुगलेला किंवा तडकलेला मिळू शकतो. व्होल्टमीटरवर ही पातळी ओळखायची तर गाडी काही तास बंद ठेवून मोजावं: १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे पाव. प्रत्येक बॅटरीचं वेगळं मोजा, २४ ची बेरीज नको.

हायड्रोमीटर वापरणाऱ्यांसाठी एक बारकावा. थंड ॲसिड दाट होतं, म्हणून थंडीत रीडिंग खोटं चढं येतं. दर अंशाला साधारण ०.०००७ चा फरक. बॅटरी उणे १५ ला असेल तर २५ अंशांच्या तुलनेत ४० अंशांचा फरक, म्हणजे रीडिंगमधून ०.०२८ वजा करायचे. काचेच्या नळीत दिसलेले १.२५० हे खरे १.२२२ असतात. "ग्रॅव्हिटी तर छान आहे, मग सेल्फ का मरतोय?" या कोड्याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं.

आणखी एक आपल्या हवामानाची गोष्ट. उष्ण प्रदेशासाठी बनवलेल्या बॅटऱ्यांत ॲसिड मुद्दाम थोडं पातळ भरतात, पूर्ण चार्जला १.२४० च्या आसपास, कारण उन्हाळ्यात तीव्र ॲसिड प्लेटा लवकर खातं. थंड प्रदेशात १.२८० पर्यंत ठेवतात. गाडी कायम लडाखमध्येच चालणार असेल तर विकत घेतानाच हे विचारावं. घरी बसून जुन्या बॅटरीत ॲसिड ओतायचा उद्योग मात्र करू नये. टाकायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर, आणि थंडीत तेही गाडी चालवायला काढण्याआधी. रात्री पाणी टाकून गाडी उभी केली तर ते ॲसिडमध्ये मिसळत नाही, वरच राहतं आणि गोठतं.

चार्ज टिकवणं थंडीत इतकं अवघड का जातं? गार बॅटरी चार्ज घ्यायलाच नाखूश असते. तिला नेहमीपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे साधारण ०.०२ व्होल्ट. ४० अंश खाली गेलं की झाला पाऊण व्होल्टहून जास्त फरक. तापमान ओळखून व्होल्टेज बदलणारा रेग्युलेटर नसेल तर अल्टरनेटर आपला नेहमीचाच आकडा देत राहतो. त्यात गाडी दहा-पंधरा किलोमीटरच्या फेऱ्या मारत असेल, दिवे, वायपर, ब्लोअर चालू असतील, तर रोज थोडी तूट राहते. साठत साठत ती तूट अर्ध्या बॅटरीएवढी होऊ शकते. अशा गाडीला अधूनमधून मुक्कामी चार्जर लावून पूर्ण भरण्याला पर्याय नाही.

उलट, पूर्ण चार्ज केलेली बॅटरी थंडीत नुसती पडून राहिली तर तिचं काही बिघडत नाही. थंडीत ती स्वतःहून उतरण्याचा वेग उलट कमी होतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरी पूर्ण भरून केबल काढून ठेवा.

बॅटरी मरते उन्हात

थंडीने बॅटरी मारली असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा तिचा जीव आधीच उन्हाळ्याने घेतलेला असतो. दर आठ-दहा अंश तापमान वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, कारण आतल्या शिशाच्या जाळीचं गंजणं तेवढं वेगाने होतं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात तापलेल्या रस्त्यावर दोन उन्हाळे काढलेली बॅटरी तिथे मजेत सेल्फ मारते, कारण तिच्या उरलेल्या निम्म्या ताकदीतही गरम इंजिन फिरतं. तीच गाडी हिवाळी भाडं घेऊन उत्तरेकडे निघाली की पठाणकोट-जम्मूपर्यंत काही जाणवत नाही, आणि पुढे एके सकाळी नुसती कटकट ऐकू येते.

म्हणून विदर्भातून किंवा मराठवाड्यातून वर जाणाऱ्या गाडीची बॅटरी निघण्याआधी लोड टेस्टरवर तपासून घ्यावी. पूर्ण चार्ज करून सीसीएच्या निम्मा भार १५ सेकंद टाकायचा. २०-२१ अंशांना व्होल्टेज ९.६ च्या वर राहिलं पाहिजे. त्या खाली गेलं तर ती बॅटरी घरच्या कामाला ठेवा. नवी घेताना डब्यावरचा बनवल्याचा महिना बघा. दुकानात वर्षभर धूळ खात पडलेली "नवी" बॅटरी नवी नसते.

बॅटरीचं ओझं हलकं करणाऱ्या गोष्टी

मला विचाराल तर बॅटरीवर जास्तीचे पाच हजार घालण्याआधी ऑइलकडे बघावं. आपल्याकडचं नेहमीचं १५डब्ल्यू-४० ऑइल थंडीत फार जड होतं. पहिला आकडा आणि डब्ल्यू ही थंडीतली वागणूक सांगतात: १५डब्ल्यूची सेल्फसंबंधीची चाचणी उणे २० ला होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला, ०डब्ल्यूची उणे ३५ ला. इंजिन कंपनीची परवानगी असेल तर हिवाळ्यापुरतं ५डब्ल्यू-४० घालणं हा सेल्फला दिलेला सगळ्यात स्वस्त आधार आहे.

केबल आणि टर्मिनल ही दुसरी दुर्लक्षित जागा. ५०० अँपिअर जात असताना एका पांढऱ्या पडलेल्या टर्मिनलचा एक मिलिओम रोध अर्धा व्होल्ट खातो. प्लस, मायनस, इंजिनाची अर्थिंग आणि चॅसिसची अर्थिंग धरून अशा चार-पाच जागा असतात. त्या घासून, घट्ट करून वर पेट्रोलियम जेली लावणं हे अर्ध्या तासाचं काम आहे.

बाहेर जिथे खरंच उणे ४० होतं, तिथे लोक इंजिनच गरम ठेवतात. कॅनडात एडमंटन-कॅलगरीकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना हे सांगायला नको. तिथे गाडीच्या पुढच्या जाळीतून प्लग लोंबताना दिसतो आणि पार्किंगमध्ये तो लावायला सॉकेट असतात. इंजिनाच्या पाण्यात बसवलेला हा ब्लॉक हिटर रात्री वेळ लावून चालू ठेवला की सकाळी इंजिनाला उणे ३० वाटतच नाही. बॅटरीखाली घालायच्या गरम गाद्याही मिळतात. आपल्याकडे वाटेत वीज नसते हे खरं, पण डिझेलवर चालणारे कूलंट हिटर मिळतात, आणि मुक्काम ठरलेला असेल तर ब्लॉक हिटरही बसवता येतो. सम्पखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली, स्टोव्ह किंवा जाळ लावण्याची जुनी पद्धत पहाडात अजून दिसते. ब्रेकचे पाइप, वायरिंग आणि गळणारं ऑइल त्याच्याच वर असतात, एवढं लक्षात घ्या.

सिलिंडर किंवा आत जाणारी हवा आधी तापवणारा हिटर प्लग किंवा इनटेक हिटर हाही बॅटरीवरच चालतो आणि सेल्फच्या आधी शंभर-दोनशे अँपिअर ओढू शकतो. तरी तो वापरायचाच, दिवा विझेपर्यंत थांबायचं. तापलेल्या हवेमुळे सेल्फ पाच सेकंद कमी मारावा लागतो, त्यात खर्च भरून निघतो. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, मध्ये मिनिटभर थांबावं. त्या विश्रांतीत बॅटरी थोडी सावरते आणि स्टार्टरची वाइंडिंगही वाचते.

तरीही नाही लागली तर

आधी बॅटरीकडे नीट बघा. डबा फुगलेला असेल, झाकण उघडल्यावर आत बर्फ दिसत असेल, तर तिला जंपर केबल किंवा चार्जर लावू नका. गोठलेली बॅटरी फुटू शकते. ती काढून उबेत वितळू द्यावी, तडा नाही ना ते बघावं, मगच चार्ज करावी. धड असेल तर जंप द्यायला गाडीही २४ व्होल्टचीच हवी. १२ व्होल्टची जीप २४ च्या टर्मिनलना जोडण्याचा मोह करू नये. शेवटची मायनसची चिमटी बॅटरीपासून लांब, चॅसिसच्या उघड्या लोखंडावर लावावी, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगीला तेवढंच निमित्त पुरतं.

आणि कान उघडे ठेवा. सेल्फ जड, रेंगाळत फिरत असेल किंवा नुसती कटकट येत असेल तर बॅटरी, केबल नाहीतर ऑइल. पण सेल्फ झणझणीत फिरतोय आणि इंजिन मात्र पकडत नाही, तर बॅटरीला शिव्या देऊन उपयोग नाही. साध्या डिझेलमधलं मेण थंडीत गोठून फिल्टरमध्ये अडकलेलं असतं. याच कारणाने इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ पासून लडाखसाठी उणे ३३ पर्यंत प्रवाही राहणारं हिवाळी डिझेल काढलं, पानिपतच्या रिफायनरीतून. जम्मूच्या खालच्या पंपावरून टाकी गच्च भरून वर गेलेल्या गाडीत ते नसतं. म्हणून मैदानातलं डिझेल बेताचं घेऊन चढावं आणि वर मिळेल तिथे हिवाळी डिझेल भरून घ्यावं. नव्या गाड्यांत धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या युरियाची टाकीही उणे ११ ला गोठते, पण त्याने सेल्फ अडत नाही. ती गाडी तापली की आपोआप वितळते.